तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू नमुना ४ मध्ये हरवतात: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

तोंडाच्या कर्करोगाने गेल्या वर्षी राज्यात किती माणसे दगावली, असा तारांकित प्रश्न उद्या सभागृहात आला, तर खात्याकडून एक आकडा नक्की मिळेल. तो उत्तरात घालण्याआधी एवढेच विचारा: हा आकडा कोणत्या कागदावरून आला आणि त्या कागदावर नेमके काय लिहिले होते?

मृत्यूचे वैद्यकीय कारण ठरते ते डॉक्टरने भरायच्या मृत्यूकारणाच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना ४ वर, आणि रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी नमुना ४ अ वर. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते. शेजारच्या गोव्याने त्याच वर्षी शंभर टक्के गाठले, म्हणजे हे अशक्य नाही. भारतासाठी सांगितला जाणारा २०२२ चा आकडा, ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू, हा मृत्यूनोंदी मोजून आलेला नाही. कर्करोग नोंदणीतले नवे रुग्ण आणि त्यांचे जगण्याचे प्रमाण यांवरून बांधलेला तो अंदाज आहे. देशापुरता तो ठीक. पण यवतमाळ जिल्ह्यात खर्ऱ्याचे (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचे) बळी वाढले की घटले, हे त्यातून कधीच कळणार नाही.

प्रमाणपत्र असले म्हणजे सुटलो, असेही नाही. एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. गालाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग, शस्त्रक्रिया, रेडिएशन, काही महिन्यांनी तो पुन्हा उद्भवलेला. गिळणे बंद, नाकातून नळी. लाळ आणि अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो आणि रात्री दोन वाजता रुग्ण जातो. नमुना ४ भरतो ड्युटीवरचा इंटर्न किंवा आरएमओ (निवासी डॉक्टर). त्याने रुग्णाला दोन दिवसच पाहिलेले असते, नातेवाईक घाईत असतात, खाली रुग्णवाहिका उभी असते. तो भाग एकच्या, म्हणजे मृत्यूकडे नेणाऱ्या कारणांच्या साखळीच्या, (अ) ओळीत लिहितो, ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’; (आ) मध्ये ‘सेप्टिसेमिया’; (इ) कोरी. झाले. हा मृत्यू आकडेवारीत जंतुसंसर्गाच्या खात्यात जमा.

हृदय आणि श्वास थांबणे ही मरणाची रीत आहे, ते कारण नव्हे. तोच नमुना असा हवा होता: (अ) अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया, ४ दिवस, (आ) गिळता न येणे, २ महिने, (इ) डाव्या गालाच्या अस्तराचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, १४ महिने. भाग दोनमध्ये, म्हणजे हातभार लावणाऱ्या इतर आजारांत, मधुमेह. मूळ कारण सर्वांत खालच्या भरलेल्या ओळीत येते आणि कोडिंग करणारा (कारणाला आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातला कोड देणारा) आधी तिथेच पाहतो. उजवीकडचा कालावधीचा रकाना शोभेचा नाही. वरून खाली काळ वाढत गेला नाही, तर साखळी चुकली हे त्यावरूनच कळते. न्यूमोनियासारखे कारण वर लिहिले असले, तरी प्रमाणपत्रावर कर्करोग कुठेतरी आला असेल, तर कोडिंगचे नियम बऱ्याचदा मृत्यू योग्य खात्यात नेतात. मुळात कर्करोग लिहिलेलाच नसेल, तर कोणताही नियम किंवा संगणक काही करू शकत नाही.

दुसरा घोळ संक्षेपांचा. ‘सीए बीएम’ (सीए म्हणजे कर्करोग) यातले बीएम लिहिणाऱ्याच्या मनात बक्कल म्युकोसा, म्हणजे गालाचे अस्तर, तर वाचणाऱ्याला बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा. ‘जीबीएस’ म्हणजे तोंडाच्या शल्यविशारदासाठी गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच, जिथे तंबाखूचा बार धरला जातो; बाकी सगळ्यांसाठी गुलियन-बॅरे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा आजार. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात त्याची साथ आल्यानंतर हे संक्षेप मृत्यूच्या कागदावर किती महागात पडू शकतात, हे वेगळे सांगायला नको.

अपुऱ्या शब्दांचेही तसेच. नुसते ‘कार्सिनोमा’ लिहिले की कोड सी ८०, जागा अज्ञात. ‘हेड अँड नेक कॅन्सर’ लिहिले की सी ७६.०. ‘ओरल कॅव्हिटी’ लिहिले तर निदान सी ०६.९ मिळतो, पण गाल, हिरडी, जीभ कळत नाही. मानेतल्या गाठी किंवा फुफ्फुसात पसरलेला रोग एवढेच लिहिले, तर मूळ तोंड नाहीसे होते. उलट दिशेची चूकही होते: दहा वर्षांपूर्वी बरा झालेला रुग्ण हृदयविकाराने जातो आणि कागदावर जुना कर्करोग मूळ कारण म्हणून चढतो. शिवाय तोंडाचा कर्करोग म्हणून कुणी सी ०० ते ०६ हे कोड मोजतो, कुणी घशासह सी १४ पर्यंत; मग दोन तक्ते शेजारी ठेवून ‘घट झाली’ म्हणतात.

गावात परिस्थिती निराळी आहे. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला ‘आता घरी न्या’ म्हटले जाते आणि तो घरीच जातो. शेवटच्या आजारात पाहणारा डॉक्टर नसल्याने ४ अ भरायला कुणी नाही. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये ‘आजारपण’ किंवा ‘वृद्धापकाळ’ लागते, माणूस पंचेचाळीस वर्षांचा असला तरी. खरे तर तोंडाचा कर्करोग घरच्यांना विचारून ओळखायला सोपा: जखम दिसते, वास येतो, तोंड उघडत नाही. घरोघरी विचारपूस करून मृत्यूंची कारणे ठरवणाऱ्या राष्ट्रीय अभ्यासात २०१० साठी ३० ते ६९ वयाच्या पुरुषांच्या कर्करोगमृत्यूंत मुख, ओठ व घशाचा वाटा २२.९ टक्के, म्हणजे पहिल्या क्रमांकाचा निघाला. आशाताईंनी ३० ते ६९ वयोगटातल्या प्रत्येक घरगुती मृत्यूनंतर दोनच प्रश्न विचारावेत: तुकडा काढून तपासला होता का, आणि डिस्चार्ज कार्ड घरात आहे का? कार्ड सापडले, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने त्यावरून कारणाचा अभिप्राय द्यावा. नवे ॲप नको. त्यांच्या फोनमध्ये आधीच पुरेशी गर्दी आहे.

मृत्यूच्या माहितीपत्रात, म्हणजे नमुना २ मध्ये, मृत व्यक्ती धूम्रपान करत होती का, तंबाखू किंवा सुपारी चघळत होती का, किती वर्षे, हे रकाने कधीपासून आहेत. ते कोरे सोडले जातात किंवा सरसकट ‘नाही’ भरले जाते. २०१२ पासून गुटखाबंदी असलेल्या राज्यात ही माहिती फुकट मिळत असताना आपण ती टाकून देतो.

कुटुंबेही लपवतात. विम्याचा दावा अडेल, मुलीच्या लग्नात विषय निघेल, म्हणून ‘हार्ट अटॅक लिहा’ असा आग्रह होतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापलेच जात नाही, हे काउंटरवरच मोठ्या अक्षरांत लिहून लावा. मात्र २०२३ च्या दुरुस्तीनंतर कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत नातेवाइकांना द्यायची आहे, तेव्हा हा दबाव वाढणार हे गृहीत धरून डॉक्टरांना लेखी पाठबळ द्या.

आमची पहिली मागणी अगदी साधी आणि जवळजवळ बिनखर्चाची आहे. कर्करोगावर उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात केस पेपरच्या पहिल्या पानावर शिक्का असावा: नेमकी जागा, बाजू, पॅथॉलॉजीचे निदान, निदानाची तारीख, कोड. रात्रीच्या डॉक्टरने ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. फक्त ‘अरेस्ट’ लिहिलेला नमुना जन्म-मृत्यू निबंधकाने सात दिवसांत खुलाशासाठी परत पाठवावा. संक्षेप असलेलाही. तोंडाच्या कर्करोगात मृत्यूच्या वेळी राहण्याचा पत्ता आणि मूळ गाव दोन्ही तपासावे. परळला उपचार घेणाऱ्या जालन्याच्या रुग्णाचा मृत्यू बऱ्याचदा मुंबईतल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर पडतो.

दुसरी मागणी जोडणीची. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकापासून आहे, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून. त्यांच्याकडे रुग्ण आहेत, निबंधकाकडे मृत्यू आहेत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेकडे शस्त्रक्रिया आणि केमोचे दावे आहेत. या तीन याद्या दर महिन्याला एकमेकांवर ठेवल्या, तर ‘सेप्टिसेमिया’खाली गेलेली नावे आपोआप वर येतील. अडचण नावांची येते: एकीकडे देवनागरी, दुसरीकडे रोमन, लग्नानंतर बदललेले आडनाव, अंदाजे वय. म्हणून नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, गाव आणि वयात पाच वर्षांची सूट, अशी जुळणी हवी आणि शंकास्पद जोड्या माणसाने तपासायला हव्यात.

हे सगळे केले, तर पहिली दोन-तीन वर्षे तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू वाढलेले दिसतील. ज्या जिल्ह्यात काम चांगले होईल, तिथे सर्वांत जास्त. त्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला आढावा बैठकीत उभे केले, की पुढच्या वर्षी (इ) ची ओळ पुन्हा कोरी येईल. त्यामुळे मृत्यूंच्या आकड्याशेजारी, त्याच तक्त्यात, आणखी तीन टक्केवाऱ्या जिल्हावार छापा: कारण प्रमाणित झालेले मृत्यू, फक्त ‘अरेस्ट’ लिहिलेले मृत्यू, आणि जागा न लिहिलेले कर्करोगाचे मृत्यू.

आपले,
मृत्यूनोंदणी, कोडिंग आणि कर्करोग नोंदणी या कामांतले काही जण