बापाच्या रकान्यातलं शून्य

कोल्हापूर,
१४ जून

प्रिय सुहास,

सुट्टीला घरी येऊन आठ दिवस झाले. काल संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो होतो. लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशी उभ्या, आणि समोर पिळलेल्या धारोष्ण दुधाचा पेला हातात. पूर्वी नुसतं दूध प्यायचो. आता म्हैस दिसली की पहिला प्रश्न पडतो, हिचा बाप कोण? गवळ्याला विचारलं. आईचं, आजीचं, कुठल्या वेताला किती दूध, सगळं त्याला तोंडपाठ. रेड्याचं विचारल्यावर म्हणाला, "तेवढं न्हाई बगा ध्यानात."

व्हेटर्नरी करून आता संगणकावर काय शिकतोस, असं तू मागं विचारलं होतंस. दुधाच्या आणि वंशावळीच्या नोंदींवरून पैदाशीसाठी चांगली जनावरं कशी निवडायची, ते शिकतोय. पहिलं सत्र फार जड गेलं रे. बारावीपासून गणित सुटलेलं, आणि इथं पहिल्याच आठवड्यात मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांचं गणित. रात्र रात्र आर या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधत बसायचो.

मग हळूहळू उलगडलं. समज, एक म्हैस गोठ्यातल्या बाकीच्यांपेक्षा रोज २ लिटर जास्त देते. आपण लगेच म्हणतो, रक्तच चांगलं. पण दुधाची आनुवंशिकता ०.२५ धरली, तर त्यातलं अर्धा लिटरच तिच्या रक्ताचं मानायचं. बाकीचं वैरण, पेंड, ऋतू आणि नशीब. त्या अर्ध्यातलाही निम्माच वाटा पारडीकडं जाणार. रेड्याला तर दूधच नाही, त्याची परीक्षा लेकींवरून. वेगवेगळ्या गोठ्यांतल्या लेकींची तुलना करताना गोठ्याचा परिणाम आणि रक्ताचा परिणाम एकाच वेळी वेगळा काढायचा, हे कॉर्नेल विद्यापीठातल्या चार्ल्स हेंडरसन यांनी गणितात बसवलं. त्याला ब्लप म्हणतात.

त्यात एक अडचण होती. कोणाचं कोणाशी किती नातं, याचा तक्ता लागतो. आई-लेक ०.५, सावत्र बहिणी ०.२५. जनावरं १ लाख असली तर तक्त्यात १००० कोटी घरं, म्हणजे नुसता साठवायलाच ८० जीबी. आणि समीकरणांना हवा त्याचा व्यस्त, म्हणजे भागाकाराच्या जागी लागणारा उलटा तक्ता! १९७६ साली हेंडरसन यांनी दाखवलं की मूळ तक्ता मांडायचीच गरज नाही. वंशावळीची यादी वरून खाली वाचत जायचं, आणि जनावर, त्याचा बाप, त्याची आई एवढ्यांच्याच घरांत थोडे आकडे मिळवायचे. एका जनावरामागं फार तर ९ घरं. व्यस्त आयता तयार! ते पहिल्यांदा स्वतः लिहून चालवलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पण माझ्या प्रबंधासाठी गोळा केलेल्या नोंदी त्यात घातल्या, आणि बापाच्या रकान्यात निम्म्याहून जास्त ठिकाणी शून्य. बाप माहीत नसला की शून्य लिहितात. एकाच बापाच्या दोन लेकी माझ्या तक्त्यात एकमेकींना परक्या. कितीही रात्री जागलो तरी ते नातं मला संगणकातून काढता येत नाही.

तू म्हणशील, आता जनावराची जनुकं वाचणारी डीएनएची चिप आहे की. आहे. जनुकांवरून निवड करण्याचा मार्ग २००१ मध्ये मांडला गेला, अमेरिकेत २००९ पासून होल्स्टीन गाईंचं अधिकृत मूल्यांकनही तसं होतं. पण चिपलासुद्धा शिकवायला दूध मोजलेली हजारो जनावरं लागतात. नोंदवही काही सुटत नाही.

म्हणून तुझ्याकडं एक मागणं आहे. भुदरगडात तू वाड्यावस्त्यांवर कृत्रिम रेतनाला जातोस, पावसात, चिखलात, ते मला माहीत आहे. तरी प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहून ठेव: कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर, तारीख, आणि वीर्याच्या कांडीवर छापलेला रेड्याचा नंबर. कांडी टाकून द्यायच्या आधी. अक्षर कसंही असू दे, मी लावीन.

जुन्या वह्या असतील त्याही दे, फाटक्या असल्या तरी. रविवारी मी येतो न्यायला. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
प्रसाद