चाल बदलली, कारभारी बदलले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील इंग्लंडच्या जुन्या मठांवरील लेख आवडला; मात्र 1066 मध्ये इंग्लंड जिंकून घेणाऱ्या, फ्रान्समधील नॉर्मंडीच्या नॉर्मनांनीच तेथे मठजीवन रुजवले, हा त्याचा सूर पटला नाही. ग्लॅस्टनबरी, पीटरबरो, कँटरबरी येथील मठ त्याच्या कितीतरी आधीपासून नांदते होते. नॉर्मनांनी बॅटल, लुईस असे नवे मठ काढले हे खरे, पण जुन्या मठांत बदलला तो मुख्यतः कारभारी.

या बदलामागे केवळ भक्ती नव्हती. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके 1128 च्या शिलालेखात बाजारातील कराचे उत्पन्न मठाला लावून दिल्याची नोंद आहे, ती ज्यांनी वाचली आहे त्यांना मठ आणि महसूल यांचे नाते वेगळे सांगायला नको. इंग्लंड जिंकणारा नॉर्मन राजा विल्यम याने मठांच्या जमिनींवर लढाईसाठी स्वार पुरवण्याचे ओझे टाकले. एकट्या पीटरबरोच्या वाट्याला 60 स्वार आले. एवढी जमीन इंग्रज मठाधिपतीच्या हाती राहू देणे त्याला परवडणारे नव्हते.

लेखात 1083 मधील ग्लॅस्टनबरीचा प्रसंग यायला हवा होता. नॉर्मंडीहून आलेला मठाधिपती थर्स्टन याने तेथील साधूंना परंपरेची गायकी सोडून नॉर्मंडीतील फेकाँच्या विल्यमची (हा राजा विल्यम नव्हे) चाल गाण्यास सांगितले. साधू बधले नाहीत, तेव्हा त्याने हत्यारबंद माणसे आणली. त्यांपैकी काहींनी वरच्या सज्जात चढून खाली वेदीच्या दिशेने बाण सोडले, ते क्रूसातही रुतले. तत्कालीन इंग्रजी बखरीत 3 साधू ठार आणि 18 जखमी झाल्याचे नमूद आहे. राजाने थर्स्टनला नॉर्मंडीला परत पाठवले. चालीपायी एवढे रामायण कशाला, असे कोणाला वाटेल. पण आमच्या गावच्या सप्ताहात एका वर्षी नव्या बुवांनी काकड्याचा अभंग परक्या चालीत उचलला, तेव्हा पुढच्या रांगेतील म्हाताऱ्यांनी एकापाठोपाठ एक टाळ खाली ठेवले होते, ते मी पाहिले आहे.

अर्थात सगळेच नवे कारभारी थर्स्टनसारखे नव्हते. 1070 मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडमधला मुख्य धर्माधिकारी, झालेला लॅन्फ्रँक मूळचा इटलीतील पाव्हियाचा. ख्रिस्ताचे नाव सोडायला नकार दिला म्हणून नव्हे, तर खंडणीसाठी आपल्या कुळांना नागवायला नकार दिला म्हणून 1012 मध्ये डेनांच्या (डेन्मार्ककडच्या आक्रमकांच्या) हातून मारल्या गेलेल्या एल्फेज या कँटरबरीच्या पूर्वीच्या आर्चबिशपला इंग्रज हुतात्मा कसे मानतात, हे त्याला उमगेना. न्यायासाठी मरणारा ख्रिस्तासाठीच मरतो, असे नॉर्मंडीतील मठाधिपती अँसेल्मने समजावल्यावर त्याने आपली शंका मागे घेतली, आणि एल्फेजचे चरित्र लिहून त्याची गीतेही बांधण्याचे काम सोपवले, ते कँटरबरीच्या मठातल्याच ऑसबर्न या इंग्रज साधूकडे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, चाळीसगाव (जि. जळगाव)