फादर, तुम्ही प्रार्थना पुढे चालू ठेवलीत

आदरणीय फादर,

सलाम. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. त्या दिवशी ज्यांनी आम्हाला फाटकावरून परत पाठवलं, त्यांनीही ते वाचावं.

एप्रिल २०२१. आई पहाटे गेली. आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तेव्हा दोन गट होते, कोर्टात दावा चालू होता आणि दफनभूमीची चावी दुसऱ्या गटाकडे होती. आईनं एकतीस वर्षं संडे स्कूल घेतलं. चावी ज्याच्या खिशात होती, त्याची पहिली वचनं तिनंच पाठ करून घेतली होती. ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ म्हणून गट पाडून भांडणाऱ्या करिंथच्या मंडळीला बायबलात प्रेषित पौलानं काय सुनावलं, तेही तिनंच त्याला शिकवलं होतं. तो म्हणाला, ‘आधी कमिटीचं पत्र आणा.’ कोरोनाची भीती मी समजू शकतो. पत्राचं मात्र मला आजही समजत नाही.

दुपारी कुणीतरी तुमचा नंबर दिला. तुम्ही एकच विचारलंत, ‘किती वाजता येताय?’

आमच्या नगर जिल्ह्यात एकाच वस्तीतला एक भाऊ मिशनचा, म्हणजे आमच्यासारखा प्रोटेस्टंट, आणि दुसरा कॅथलिक, हे काही नवं नाही. सोयरीक जुळवताना कुरबुर व्हायची, सणाला एकमेकांच्या चर्चमध्ये जायला पाय अडखळायचा. आजोबांच्या तरुणपणी तर कॅथलिक माणसाला आमच्या उपासनेत भाग घ्यायची मुभाच नव्हती. १९६४ साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं आम्हाला ‘विभक्त बंधू’ म्हटलं, एकत्र प्रार्थनेला वाट दिली. दरवर्षी जानेवारीत १८ ते २५ तारखेला ऐक्यासाठी प्रार्थना होतात. मीही गेलोय, भाषणं ऐकून घरी आलोय. ऐक्य म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी खड्ड्याच्या काठावर कळलं.

आम्ही चौघंच होतो, सगळे किटमध्ये. तुमचे फक्त डोळे दिसत होते, चष्म्यावर वाफ धरलेली. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. ‘वाइटापासून सोडव’पर्यंत आलो आणि माझा आवाज गेला. मला ठाऊक होतं, मिस्सा, म्हणजे तुमची मुख्य उपासना, सोडली तर तुम्हा कॅथलिकांकडे प्रार्थना तिथंच थांबते. आमच्याकडे पुढे राज्य, सामर्थ्य आणि गौरव देवाला अर्पण करून मग आमेन म्हणतात. आई तो शेवट नेहमी जरा मोठ्यानं म्हणायची. मला वाटलं, राहिलं ते. आणि तेवढ्यात मास्कच्या आतून तुमचा आवाज पुढे गेला. ‘कारण की राज्य...’ थेट आमेनपर्यंत, सावकाश, एकही शब्द न गाळता.

जागा तुम्ही दिलीत, त्याचे उपकार आहेतच. पण फादर, मी रात्री झोपू शकलो तो त्या एका ओळीमुळे. माझी आई कोण होती, हे तुम्ही तिला न भेटता ओळखलंत.

त्या महिन्यात अशी माणसं ठिकठिकाणी उभी राहिली. पुण्यात मुस्लिम तरुणांनी अनोळखी हिंदूंच्या चितांना अग्नी दिला. त्यांना कुणी गट विचारला नाही, त्यांनीही कुणाला विचारला नाही. मंडळीतल्या भांडणांनी माझा विश्वास जवळजवळ संपला होता. आज मी पुन्हा पवित्र शास्त्र उघडतो, ते अशा माणसांमुळे.

त्या वर्षी दोन नोव्हेंबरला, तुमच्याकडच्या मृतांच्या स्मरणदिनी, आलो, तर आईच्या कबरीला चुना लावलेला होता आणि मेणबत्ती जळत होती. आमच्या घरात तशी रीत नाही. कुणी केलं, हे मी विचारलं नाही, तुम्हीही बोलला नाहीत.

या वर्षी बहिणीला आणि मुलांना घेऊन येतोय. मेणबत्त्या आम्हीच आणू, आईच्या शेजारच्या दोन कबरींसाठीही.

आपला नम्र,
संडे स्कूलच्या बाईंचा मुलगा