शनिवारी फुटबॉल सामन्याला बसने येणाऱ्या सभासदांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

बसमध्ये बिअरचा एकही कॅन नको. इंग्लंडमध्ये १९८५च्या कायद्याने सामन्याला निघालेल्या अशा बसमध्ये दारू बाळगणं हाच गुन्हा आहे, कॅन उघडलेला असो वा नसो. संशय आला तर पोलीस वाटेत बस थांबवून झडती घेतात. धुराची नळकांडी गेटवर खिशात सापडली तरी अटक होऊ शकते, पेटवायची गरज नाही.

मैदानात धाव घेणं, वस्तू फेकणं, वर्णद्वेषी घोषणा देणं हे १९९१च्या कायद्याखाली येतं. गोलच्या आनंदात उडी मारली, हे सांगून सुटका होईल या भ्रमात राहू नका.

दंड भरून मोकळे होऊ असं काहींना वाटतं. खरी मेख बंदी आदेशात, म्हणजे सामन्यांना जायला कोर्टाने केलेल्या मनाईत आहे: तुरुंगवास झाला नाही तरी ३ ते ५ वर्षं, झाला तर ६ ते १०. परदेशातल्या ठरावीक सामन्यांच्या वेळी पासपोर्टही जमा करावा लागतो. आदेश मोडला तर ६ महिन्यांपर्यंत कैद.

कुणाला पकडलंच तर हुज्जत घालू नका आणि बाकीच्यांनी भोवती घोळका करू नये. ठाण्यात वकील मोफत मिळतो. त्याच्याशी बोलल्याशिवाय 'कॉशन'वर, म्हणजे खटल्याऐवजी पोलीस देतात त्या औपचारिक ताकिदीवर, सही नको. ती गुन्ह्याची कबुली ठरते.