फॉर्ममधला ‘वर्ण’ काढून टाका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

माझी भाची सावळी आहे. बी.फार्म झालंय, दोन वर्षं झाली स्थळं बघतोय. मागच्या महिन्यात एका घरचे बघायला आले, तर मुलाच्या आईने चहाचा कप घेता घेता पोरीच्या मनगटाला लावून स्वतःचा हात धरला आणि शेजारी बसलेल्या बहिणीकडं बघितलं, तोंडाने काहीच बोलल्या नाहीत. ते गेल्यावर पोरगी आत बाही खाली ओढत बसलेली, ते काय डोळ्यासमोरून जात नाही.

पुण्यात आयटीत असलेल्या माझ्या पुतण्याला हे सांगितलं तर म्हणतो, काकू, यात भेदभाव कसला, ज्याची त्याची पसंती. तो पण डेटिंग ॲपवर सावळी दिसली की, नॉर्थ ईस्टची दिसली की प्रोफाईल न वाचताच पुढं ढकलतो. कायद्याने त्याला कुणी अडवत नाही, घटनेचं 15 वं कलम वंश, जात, धर्म बघून भेदभाव करू नका म्हणतं ते सरकारला, आणि दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते अशा सगळ्यांच्या जागांबद्दल. कुणी कुणाशी लग्न करावं यात कोर्टाने पडूही नये, हे मला मान्य आहे. पण कायद्यात बसत नाही म्हणून तो भेदभावच नाही असं कसं? भेटलात, बोललात, मन जुळलं नाही, ही पसंती. तोंडसुद्धा न बघता एका बटणावर सगळ्या सावळ्या पोरी यादीतनं उडवायच्या ही पसंती नाही हो, तो भेदभावच. आणि ही आवड तरी कुठं जन्मापासून असते, फेअर अँड लव्हली आपल्याकडं 1975 पासून विकलं गेलंय, आमची अख्खी पिढी त्या जाहिराती बघत मोठी झाली. 2020 मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाला आणि वर्णभेदाविरुद्ध आंदोलन पेटलं, तेव्हा कुठं त्या क्रीमचं नाव बदललं आणि शादी डॉट कॉमने रंगाचा फिल्टर काढला.

आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 ला चीनला गेले, तिथल्याच नर्स गुओ चिंगलान यांच्याशी 1941 मध्ये लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. शाळेतल्या पोरांना आपण त्यांचं स्मारक दाखवायला नेतो, अभिमानाने सांगतो, आणि त्याच गावात चपटं नाक, काळा रंग म्हणून माणूस आधीच बाद करतो, हे मला सहन होत नाही.

सोलापुरातल्या सगळ्या वधू-वर केंद्रांना कळकळीची विनंती, फॉर्ममधला ‘वर्ण’ हा रकाना काढा. आम्ही परवा तो कोरा ठेवून दिला तर काउंटरवरचे म्हणाले, ताई, गहूवर्णी तरी लिहा, लोकं शंका घेतात. भाचीने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, घेऊ देत.

– एक मावशी, जुळे सोलापूर