ऊन पडलं तरी बॅटरी उठत नाही : कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

विषय : पूरकाळात पूर्ण उतरलेल्या सोलर बॅटऱ्या गावातच उठवण्याची सोय करण्याबाबत

महोदय,

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याच्या ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. उपकेंद्रात पाणी शिरलं की महावितरणला लाइन बंद ठेवावीच लागते, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. चिखली, आंबेवाडी, कुरुंदवाड या पट्ट्यात सोलर असलेल्या घरांची अडचण त्यानंतर सुरू होते. लाइट जाऊन दोन-चार दिवस झाले की बॅटरी तळाला जाते आणि मग ऊन पडलं तरी सिस्टिम सुरूच होत नाही. लोकांना वाटतं पॅनेल खराब झालं. पॅनेल बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

बरेचसे चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीत सोडणारं यंत्र) स्वतः चालू होण्यापुरती वीज बॅटरीतूनच घेतात. १२ व्होल्टची बॅटरी ८-९ व्होल्टवर उतरली की त्यांच्या लेखी बॅटरी जोडलेलीच नाही, मग पॅनेलची वीज आत घेणार कोण? आणि बॅटरी एवढी उतरायला फार काही चालवावंही लागत नाही. सोलर इन्व्हर्टर नुसता ऑन ठेवला तरी २० ते ४० वॅट खातो. ४० धरले तर दिवसाला जवळपास १ युनिट झालं, आणि १५० एएचच्या (अँपियर-तासांच्या) बॅटरीत असतात जेमतेम १.८ युनिट. इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टला लोड तोडतो खरा, पण त्याचं स्वतःचं खाणं पुढेही चालू राहतं.

ॲसिडची ट्यूब्युलर बॅटरी, म्हणजे पाणी घालावं लागतं ती नेहमीची, गावातल्या गावात उठवता येते. त्याला लागते एक चांगली १२ व्होल्टची बॅटरी, आणि ट्रॅक्टर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. आधी सगळा लोड बंद करायचा, पॅनेलचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडायचा, इन्व्हर्टर आणि कंट्रोलरची वायर बॅटरीवरून सोडवायची आणि अर्ध्या तासाने व्होल्टेज बघायला मल्टीमीटर लावायचा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर टाकायचं. खुणेपर्यंत आत्ताच भरलं तर चार्ज होताना पातळी वर चढते आणि ॲसिड बाहेर येतं, म्हणून खुणेपर्यंत भरणं चार्ज झाल्यावर. मग ट्रॅक्टरच्या बॅटरीचा प्लस प्लसला आणि मायनस मायनसला, पण प्लसच्या वायरीत १२ व्होल्ट ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब घालून. बल्ब नसेल तर भरलेली बॅटरी रिकामीत एकदम ओतली जाते आणि क्लॅम्पला ठिणगी उडते. बॅटरीच्या बुचातून ठिणगीने पेटणारा हायड्रोजन येत असतो, त्यामुळे खोलीची खिडकी उघडी हवी आणि शेवटची जोडणी बुचांपासून जमेल तितकी लांब हवी. बल्ब आधी तांबूस पेटतो, हळूहळू मंद होतो. तासाभरात मल्टीमीटरने ११ च्या वर दाखवलं की कंट्रोलर बॅटरीला जोडायचा आणि पॅनेलचा एमसीबी सर्वांत शेवटी उचलायचा. हा क्रम उलटा झाला तर बॅटरी १२ ची की २४ ची हे कंट्रोलर चुकीचं ओळखतो, कधी जळतोही. पूर्ण चार्ज होऊनही व्होल्टेज साडेदहाच्या आसपासच राहिलं तर एक सेल, म्हणजे आतला एक कप्पा, बसलेला आहे, त्या बॅटरीवर आणखी वेळ घालवू नये. आणि घाई का, तर उतरलेली बॅटरी आठवडाभर तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक धरतं आणि ती पुन्हा पहिल्यासारखी भरत नाही.

जनरेटर असेल तर इन्व्हर्टरमधूनच चार्ज करावं, फक्त मागचा स्विच ‘यूपीएस’वरून ‘नॉर्मल’ला घ्यावा. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर जनरेटरची हलती वीज घेत नाही.

लिथियमचं तंत्र वेगळं आहे. आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, सेलला वाचवण्यासाठी टर्मिनल तोडतो आणि मीटर शून्य दाखवतो. लोकांना वाटतं बॅटरी मेली. ५१.२ व्होल्टच्या अशा बॅटरीला ट्रॅक्टरच्या चार बॅटऱ्या थेट जोडू नयेत. समोर व्होल्टेज नसतानाही चालू होणारा लिथियम चार्जर लागतो, सुरुवातीला २ ते ५ अँपियरवर. जाग आल्यावर एकेक सेल तपासावा. एखादा २ व्होल्टच्या खाली दिसला तर लगेच थांबावं, कारण तिथे आतलं तांबं विरघळून पुढे शॉर्ट होण्याची भीती असते. पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी, मग ती लिथियम असो की ॲसिडची, कुणीही चार्जिंगला लावू नये.

महोदय, आमचं मागणं फार खर्चाचं नाही. पूरग्रस्त यादीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत जूनच्या आधी एक पेटी द्या. तीन मीटरच्या जाड जम्पर केबलचा जोड, होल्डरसह बल्ब, मल्टीमीटर, ॲसिडची घनता मोजायला हायड्रोमीटर, ५ लिटर डिस्टिल्ड वॉटर, रबरी हातमोजे, गॉगल आणि सांडलेल्या ॲसिडवर टाकायला खायचा सोडा. लिथियमचा चार्जर तालुक्याला एक असला तरी चालेल. गावातल्या दोन वायरमनना एका दुपारचं प्रशिक्षण पुरेल. निवारा केंद्रांसाठी सोलर घेताना निविदेत एक अट घाला : बॅटरी पूर्ण उतरलेली असताना नुसत्या उन्हावर सिस्टिम चालू व्हायला हवी. अशी यंत्रं बाजारात मिळतात.

आणखी एक. २०२४ पासून केंद्राच्या सूर्यघर योजनेतून छतावरच्या सोलरसाठी ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं आणि छतं भरत चालली आहेत. पण त्यातल्या बहुतेक घरांत बॅटरीच नाही, आणि लाइन गेली की लाइनमनच्या सुरक्षिततेसाठी तो इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. पुरात आपल्याकडे वीज असेल या भरवशावर ही माणसं घरात थांबतील. त्यांना हे आधीच सांगायला हवं. बचाव पथकांनाही सांगायला हवं, की लाइन बंद असली तरी दिवसा पॅनेलच्या वायरींत शेकडो व्होल्ट असू शकतात.

३९ फुटांचा इशारा गावात पुकारला जातो, त्यात एवढं एक वाक्य वाढवा : बॅटरी आजच भरून घ्या, उंचावर ठेवा, आणि लाइट गेल्यावर गरज नसेल तेव्हा इन्व्हर्टर बटणावरून बंद ठेवा.

आपले,
सोलर बसवणारे व दुरुस्त करणारे कारागीर,
करवीर आणि शिरोळ तालुका