दोनशे सातला रंग दिला

ओतूर
रविवार, रात्री साडेनऊ

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या आठवड्यात तुम्ही फोनवर म्हणालात, "त्या लोखंडाला आता रंग कशाला? भंगारवाला येईल त्याला देऊन टाक." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझ्या हातात तेव्हा पॉलिश पेपर होता आणि गाडीचा डावा दरवाजा अर्धा घासून झाला होता. फोनवर सगळं सांगता आलं नसतं, म्हणून पत्र. दादाला वाचून दाखवायला सांगा, तुमचा चष्मा अजून आला नाही असं वहिनी म्हणाली.

आपली टाटा दोनशे सात, आपला भाजीचा पिकअप टेम्पो, मी घरीच रंगवली. हौद्याच्या मागच्या फाळक्यावरची अक्षरं सोडली तर काम झालं आहे. आळेफाट्याला एका गॅरेजात विचारलं तर डेंटिंग-पेंटिंगचे ३८ हजार सांगितले. माझे सगळे मिळून ८,०१० रुपये गेले, त्यातले २,४०० वेल्डरचे. सोळा दिवस लागले. शेतावरची सकाळची कामं उरकून दहा ते चार एवढाच वेळ मिळायचा, आणि रंगालाही तेवढाच चालतो. आपल्याकडे पौषात दव केवढं पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पत्रा पूर्ण सुकायला दहा वाजतात आणि चारनंतर मारलेला रंग रात्रीच्या दवात फिकट पडतो.

बाबा, तुम्ही नेहमी म्हणायचात की रंग म्हणजे दिखावा, गाडी इंजिनावर चालते. घासायला घेतल्यावर मला वेगळंच दिसलं. इंजिन अजून ठणठणीत आहे. गाडी खाल्ली ती पाण्यानं आणि खतानं. हौद्याच्या कोपऱ्यात पाणी जायला जी भोकं असतात ती माती, कांद्याची पात आणि सुतळीनं गच्च बुजली होती. माळशेजच्या पावसात कल्याणला भाजी पोचवून तुम्ही परत यायचात, तेव्हा ते पाणी तिथेच मुरायचं. वरून सोसायटीतून पोटॅशच्या गोण्या आणायचो. पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, एखादी गोणी फुटली आणि ते खत ओल्या पत्र्यावर सांडलं की मिठासारखं लोखंड खातं. गोण्या टेकायच्या तिथेच, पुढच्या भिंतीखाली, स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार गेला. आधी सगळी भोकं तारेनं मोकळी केली आणि बादलीभर पाणी ओतून बघितलं. पाणी निघून जाईना तोवर रंगाचा डबा उघडायचा नाही असं ठरवलं होतं.

मग घासणं. सगळ्यात जास्त दिवस त्यातच गेले. गंजावर ऐंशी नंबरचा पेपर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस. खड्डे भरायला लावलेली जुनी लांबी जिथे फुगली होती तिथे ती खरवडून काढली. खाली गंज तसाच ठेवून लांबी भरली होती, म्हणून ती धरली नाही. खरवडल्यावर खड्ड्यांत जो काळपट गंज राहतो त्याला फॉस्फोरिक आम्लाचं रसायन लावलं. वीसेक मिनिटांत तांबडा गंज राखाडी-काळा पडतो, मग पुसून वाळवायचं. पहिल्या दिवशी मी एक चूक केली. उजवा दरवाजा घासून पांढराशुभ्र केला आणि प्रायमर उद्या मारू म्हणून झोपले. सकाळी दवानं अख्ख्या दरवाज्यावर तांबूस झाक आली होती. पुन्हा घासला. त्यानंतर जेवढं घासायचं तेवढ्याला त्याच दिवशी चारच्या आत रेडऑक्साइडचा प्रायमर लावायचा, असा नेम ठेवला.

आई, कोंबड्यांची काळजी करू नकोस. घासायला सुरुवात करायच्या आधीच त्यांना मागच्या खुराड्यात कोंडलं होतं. जुन्या रंगात शिसं असण्याची भीती असते. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या आत ठेवायचा नियम आपल्याकडे लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि आपली गाडी २००६ ची. म्हणून मास्क लावून, पाणी मारत ओलंच घासलं. खाली ताडपत्री अंथरली होती. तिच्यावरचा गाळ गोणीत भरून वेगळा ठेवलाय, उकिरड्यात टाकलेला नाही.

आता केबिनचं सांगते. क्लीनर बसतो त्या बाजूचं मॅट उचललं तर खाली पत्रा नव्हताच. गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा कापून, सपाट करून, रिबिटांनी ठोकलेला होता. खालून टॉर्च मारला तर त्यावरची तेलाची छापील अक्षरं अजून वाचता येत होती. बाबा, मी पुण्याला कॉलेजला गेले त्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात, गाडीचं सगळं काम करून घेतलंय, तू फीची काळजी करू नको. त्या वर्षी गाडीचं काम म्हणजे हा डबा होता. मी तिथेच अंगणात किती वेळ बसून राहिले मला कळलं नाही. तुम्ही चार महिने पावसात त्या फरशीवर पाय ठेवून घाट उतरत होतात आणि घरात कुणालाही बोलला नाहीत. वेल्डरनं आता तिथे नवा जाड पत्रा बसवलाय. डबा मी टाकला नाही. पुसून, तेलाचा हात फिरवून माळ्यावर ठेवलाय.

रंगाचं म्हणाल तर साधा सिंथेटिक इनॅमल घेतला. गॅरेजवाले हार्डनर मिसळून पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारतात, तो चकाकतो जास्त आणि टिकतोही जास्त. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं तर दम्यासारखं दुखणं कायमचं बसू शकतं, आणि साध्या मास्कनं ते अडत नाही. घराच्या अंगणात मला ते नको होतं. कंप्रेसर आणि गनचंही भाडं वाचलं. चार इंची स्पंजच्या रोलरनं मारला, टर्पेंटाइन घालून पातळ करून, सुती कपड्यातून गाळून. पातळ हात चार दिले, दोन हातांमध्ये निदान एक अख्खा दिवस सोडला, आणि प्रत्येक वेळी सहाशेच्या वॉटर पेपरनं पाणी लावून हलकं घासलं. जवळ जाऊन बघितलं तर रोलरची बारीक खडबड दिसते. चार पावलांवरून दिसत नाही.

बॉनेटला घाई नडली. दुपारच्या उन्हात पत्रा तापला होता आणि मी एकाच हातात संपवायचं म्हणून जाड मारला. वरचा थर लगेच सुकला, खालचा ओलाच राहिला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बॉनेटवर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या. पाच दिवस हात लावला नाही, मग सगळं घासून नव्यानं. आता बॉनेट सगळ्या गाडीत सरस झालंय. धुळीसाठी रोज सकाळी आई घालते तसा अंगणभर सडा घालायचे. शेजारच्या वावरात एक दिवस पाचट पेटलं आणि काळी राख थेट ओल्या टपावर आली, पण ती सुकल्यावर पेपरनं निघाली.

मला खरं तर केबिन निळी करायची होती. पण आरसी बुकात रंग पांढरा लिहिलाय आणि रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते, म्हणून केबिन पांढरी आणि हौदा आधीसारखा निळाच. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या नव्या आणल्यात, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. पासिंगला लागतात. मागचं 'हॉर्न ओके प्लीज' मात्र पुन्हा लिहिणार नाही. २०१५ मध्येच आपल्या राज्यात ते लिहायला बंदी आली. तुम्ही ते तसंच ठेवलं होतंत, पेंटरनं मनापासून काढलंय म्हणून. मला ते समजतं.

आता फाळक्याचं. '॥ श्री कपर्दिकेश्वर प्रसन्न ॥' ही अक्षरं घासून टाकायला माझा हात धजेना. 'र्दि'वरचा तो रफार त्या पेंटरनं विळ्यासारखा मागे ओढलाय, तसा रफार मी दुसऱ्या कुठल्याच गाडीवर बघितलेला नाही. पण अक्षरांखालीच गंज होता, घासल्यावाचून इलाज नव्हता. तेव्हा आई, तुझ्या ठिपक्यांच्या कागदांची आठवण झाली. फाळक्यावर मोठा ट्रेसिंग पेपर चिकटवून अक्षरांच्या कडा पेन्सिलीनं गिरवून घेतल्या. मग खाली उतरवून, तू रांगोळीच्या कागदाला पाडतेस तशी पेटत्या उदबत्तीनं कडेकडेनं भोकं पाडली. दोन ठिकाणी भोक मोठं झालं, तुझ्यासारखं पटकन उचलायला मला जमलं नाही. परवा फाळक्याला निळ्याचा शेवटचा हात झाला. वाळल्यावर कागद लावून, मलमलीच्या पुरचुंडीत रांगोळी बांधून वरून थापली. कागद काढला तर निळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांत सगळी ओळ उभी, तो रफारसुद्धा जसाच्या तसा.

ठिपके मी पुसून टाकलेत, वाऱ्यानं तसेही उडाले असते. कागद तुझ्या बाकीच्या कागदांबरोबर देवघराखालच्या फळीवर ठेवलाय. अक्षरं भरायला मी बसले होते, एका जुन्या पत्र्यावर करून बघितली, कड सरळ येत नाही. तुझा हात लागेल. पिवळ्या रंगाचा पावलिटरचा डबा आणून ठेवलाय, उघडलेला नाही.

बाबा, गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणतात ते मला नीट कळवा, दादा फोनवर नुसतं "बरं आहे" म्हणतो. पासिंगची तारीख पुढच्या महिन्याच्या वीसला आहे. त्याआधी आठ दिवस तरी दोघं या. तुम्ही नुसतं खुर्ची टाकून शेजारी बसा, कागद सरळ लागलाय का तेवढं लांबून सांगा. आणि येताना पुण्याहून मऊ केसांचे दोन ब्रश आणा, एक चार नंबरचा आणि एक आठ नंबरचा. इथे मिळतात त्यांचे केस रंगात गळतात.

तुमची,
धाकटी